उद्याची हजेरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अमरावती-अकोल्यातली मैदानं पहाटे पाचला गजबजतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८००; १०० मीटरची धाव दोघांनाही. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर या भागांतून येऊन शहरात खोली करून राहिलेली ही मुलं. धावून झालं की त्यांतली बरीच जवळच्या जिममध्ये शिरतात. पहिल्या दिवशी छाती, खांदे, पाठ, पाय, सगळं एकदम. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नाही. महिनाभराने बघावं तर त्यांतली कितीतरी तोंडं दिसेनाशी झालेली असतात.

हे पाहून आपण लगेच म्हणतो, आजकालच्या पोरांत चिकाटी नाही. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. ज्याच्यात चिकाटी नाही तो अंधारात उठून मैदानावर येतच नाही. या मुलांकडे उमेद भरपूर असते. ती पहिल्याच आठवड्यात उधळून टाकायला भोवतालचे सगळेजण त्यांना लावतात. शेजारी उचलणारा लावतो, मोबाइलवरचा व्हिडिओ लावतो, आणि कधी कधी ज्याने थांबवायला हवं तो ट्रेनरही लावतो. म्हणून आज एवढ्याच गोष्टीचा विचार करू या. ताकद कमावणाऱ्याने आज किती करावं, याचं माप तो किती दमला यावरून काढायचं, की उद्या त्याची हजेरी लागते का यावरून? मी दुसऱ्या मापाच्या बाजूने आहे, आणि शरीरही त्याच बाजूने साक्ष देतं.

सवय नसलेला ताण पडला, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघते आणि स्नायू पुढच्या खेपेला जास्त तयार असतो. पण दुखणं त्याच दिवशी कळत नाही. ते २४ ते ७२ तासांत चढत जातं. त्यामुळे नवख्या माणसाला पहिल्या दिवशी शरीर खरं उत्तर देतच नाही. त्याला वाटतं, अजून जमतंय, अजून दोन सेट मारू. जे त्याला कळू शकत नाही ते दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. प्रशिक्षकाची गरज इथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट नवख्याला फसवते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे. मेंदू जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो, हालचाल सफाईदार होते. स्नायू जाड व्हायला त्यापुढे वेळ लागतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा तर त्याहून सावकाश घट्ट होते. म्हणजे महिन्याभरात बारवर वजन चढत जातं, उचलणाऱ्याला वाटतं आपण तयार झालो, पण कोपर, खांदा आणि गुडघा अजून मागेच असतात. तिसऱ्या महिन्यात खांदा धरतो आणि जिम सुटतं, त्याचं बीज या पहिल्या महिन्यात पडलेलं असतं.

अतिरेकाला याहून वाईट टोकही आहे. नवख्या माणसाने ईर्ष्येने एका दमात शेकडो बैठका मारल्या तर स्नायू इतके फुटतात की त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येऊन बसतं. लघवी चहाच्या रंगाची होते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असं दिसलं तर घरी बसून वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. उष्णता आणि अंगातलं कमी झालेलं पाणी हा धोका वाढवतात, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या जिममध्ये दुपारी चारला पैजा लावणारी मुलं पाहिली की मला खरोखर भीती वाटते. जुने पहिलवान हजार बैठका मारत हे सगळ्यांना पाठ असतं. त्या हजारापर्यंत पोचायला त्यांनी किती वर्षं दिली, किती खुराक, किती झोप, किती मालीश त्यामागे होती, हे कुणी सांगत नाही.

विहिरीवर मोटर बसवलेला आपल्याकडचा शेतकरी चैत्र-वैशाखात किती वेळ उपसा करायचा ते झऱ्यांकडे बघून ठरवतो. तळ दिसेपर्यंत ओढलं तर पाणी त्या दिवशी मिळतं, पण मोटर कोरडी चालून जळते आणि रात्रीतून भरणारी पातळीही हाताला लागत नाही. शरीराशी नवख्यालाही हाच व्यवहार करता येतो. एका सेटमध्ये दहा वेळा उचलता येत असेल तर आठव्याला थांबायचं. दोन उरवायचे. ते वाया जात नाहीत. नवख्याची ताकद एवढ्यावरही वाढते, आणि परवा तो त्याच उमेदीने परत उभा राहतो.

हे शहाणपण शिकायला अमरावतीकरांना दूर जावं लागत नाही. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. शंभराहून अधिक वर्षं ते चालू आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ तिथे करून दाखवून आलं. ज्या गावातून रेल्वेने मुंबई गाठायलाच रात्र जायची, तिथल्या मुलांनी हे केलं. बर्लिनचा अभिमान आपण बाळगतो आणि बाळगावाच. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याआधीची बावीस वर्षं, ज्यांत रोज ठरल्या वेळी मुलं येत राहिली आणि शिकवणारे त्यांच्याआधी येऊन उभे राहिले.

मल्लखांब शिकवण्याची रीत नीट पाहिली तर तिच्यात हे सगळं आधीच बसवलेलं दिसतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, तेव्हापासून ती पायरीपायरीनेच हातातून हातात गेली आहे. एरंडेल लावलेल्या खांबावर चढणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कुणी सुईदोऱ्यासारखी अवघड कसरत करायला सांगत नाही. आधी अढी. पायांनी खांब घट्ट धरता आला पाहिजे. मग साधी उडी, मग पुढचं. अढी पक्की झाली नसेल तर खांब स्वतःच खाली सोडून देतो, तिथे कुणाची फुशारकी चालत नाही. जिममधल्या लोखंडाला ही सोय नाही. वाकड्या पाठीनेही डेडलिफ्टचा बार उचलला जातो, अर्ध्यातून परत येऊनही स्क्वाट मोजला जातो. म्हणून तिथे खांबाचं काम प्रशिक्षकाला करावं लागतं: ‘अजून नाही’ असं म्हणण्याचं.

तिकडे अमेरिकेतही हेच एका लष्करी डॉक्टरने आकड्यांत मांडलं. थॉमस डिलॉर्म दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करत होता. गुडघ्याच्या दुखापतींनी त्यांच्या मांड्या सुकून गेलेल्या. त्यांना हलके, लांबलचक व्यायाम देण्याऐवजी त्याने चढतं वजन दिलं आणि १९४५ साली त्यावर लिहिलं. पुढे ती पद्धत त्याने आणखी आटोपशीर केली. दहा वेळाच उचलता येईल असं वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण वजनावर, तिसरा पूर्ण वजनावर. आणि ठरावीक दिवसांनी ते वजन नव्याने मोजायचं. आज जगभरच्या जिममध्ये ‘तीन सेट, दहा रेप्स’ असं जे बोललं जातं त्यात या जखमी सैनिकांचा वाटा मोठा आहे. त्यातलं ‘चढतं’ आपण उचललं. ‘मोजायचं’ मात्र विसरलो.

मोजायला महागडं घड्याळ लागत नाही, दहा रुपयांची वही पुरते. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेवटी एक शब्द: सोपं, बरं, जड. मला विचाराल तर जिमची पहिली खरेदी ही वही असावी. बूट आणि पट्टा नंतर. ज्याच्याकडे वही आहे तो शेजाऱ्याच्या बारकडे बघत नाही, मागच्या पानाकडे बघतो. मागच्या मंगळवारी ४० किलो आठ वेळा ‘जड’ होतं आणि आज ‘बरं’ आहे, एवढ्यानेही माणूस परत येतो. छोट्या प्लेट लावून अडीच किलो वाढवायचे, तेही सगळे सेट नीट झाले तर.

आता सवयीबद्दल. एकवीस दिवसांत सवय लागते असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून हे तपासलं होतं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायाम बसायला जास्त वेळ लागला. मला त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वेगळीच वाटते. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एक खाडा झाला की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून महिनाभर तोंड न दाखवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं.

त्या प्रयोगात सवय कशाला तरी बांधलेली होती: जेवण झाल्यावर, न्याहारीनंतर, अशी. आपल्याकडे याचा जिताजागता दाखला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना वऱ्हाडातल्या गावागावांत संध्याकाळच्या ठरल्या वेळी होत आली आहे. तिथे आज मन आहे की नाही असं कुणी कुणाला विचारत नाही. वेळ झाली, शेजारचा निघाला, आपणही निघालो. व्यायामालाही अशी वेळ आणि असा सोबती मिळाला की रोजचा झगडा संपतो. जिम घरापासून किंवा कॉलेजच्या वाटेपासून फार आडबाजूला नसावं, कपडे रात्रीच काढून ठेवावेत, आणि सोबत्याने हाक मारावी. माणसाच्या निश्चयावर कमीत कमी भार टाकावा.

पण वऱ्हाडात वर्ष सारखं जात नाही, आणि इथेच पुण्या-मुंबईकडून आलेली वेळापत्रकं मोडतात. मृग लागला की पेरणी. घरचा मुलगा शिकायला शहरात असला तरी त्याला गावी जावंच लागतं. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. मग लग्नसराई, मग परीक्षा, मग मे महिन्याचं ऊन. बाराही महिने आठवड्यातून पाच दिवस असा बेत इथल्या मुलाला दिला तर तो जूनमध्येच अपराधी ठरतो. प्रशिक्षकाने हे कॅलेंडर आधी समजून घ्यायला हवं. त्याला आधार देणारं एक संशोधन आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावावं. २०११ साली अमेरिकेतल्या बिकेल आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेतला. पुढचे ३२ आठवडे काहींचा व्यायाम बंद केला, काहींना तिसरा हिस्सा दिला, काहींना फक्त नववा. तरुणांनी नवव्या हिश्शावरही कमावलेली ताकद राखली. नववा हिस्सा म्हणजे आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एक सेट. साठीपुढच्या लोकांचीही ताकद बरीच टिकली, मात्र स्नायूंचा आकार टिकवायला त्यांना याहून जास्त व्यायाम हवा होता.

याचा अर्थ शेतातल्या मुलाला कळेल असा सांगता येतो. पेरणीच्या महिन्यात कमवायचं नाही, राखायचं. रविवारी एकदा, अर्धा तास: बैठका, जोर, घरातलंच एखादं पोतं उचलून चालणं, झाडाच्या फांदीला लटकून हात ओढणं. एवढं केलं की पोळ्याला परत येईल तेव्हा तो जिथे सोडून गेला त्याच्या आसपासच असेल. कमी करणं हा बेताचाच भाग आहे, असं प्रशिक्षकाने जाण्याआधी सांगितलं तर मुलगा परत येतो.

इथे एका गोष्टीवर थांबावंसं वाटतं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचं महत्त्व पटवायला जाणं मला शोभत नाही. तिचं शरीर आधीच राबतंय. तरी राबणं आणि कमावणं यांत फरक आहे. राबताना तेच ओझं त्याच बाजूने पडत राहतं, विसावा आपल्या हातात नसतो, आणि पाठ दरवर्षी थोडी थोडी झिजते. कमावताना ओझं ठरवून वाढतं आणि विसावा ठरवून मिळतो. तिला आधी विसावा, पुरेसं जेवण आणि वेळेवर औषध मिळायला हवं. त्यानंतर तिच्या कमरेला बळ देणारे चार सोपे व्यायाम शिकवणारं कुणीतरी गावात असावं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असं सांगते, आणि त्यात पुरुषांनीच असं कुठे म्हटलेलं नाही. वयाचंही तसंच. १९९० साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहाजणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला; पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आजीला उठताना खुर्चीचा हात धरावा लागतो, तो न धरता पाच वेळा उठता आलं तर तिच्यासाठी तोच स्क्वाट.

खाण्याचं थोडक्यात. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. ६० किलोच्या मुलाला साधारण ५० ग्रॅम, आणि जोराचा व्यायाम करत असेल तर त्याहून बरीच जास्त. आपल्या मातीत तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग सगळं पिकतं. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत जवळपास २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत लायसिन कमी पडतं ते डाळ भरून काढते, म्हणून भाकरीसोबत दाट वरण किंवा झुणका हे जेवण चांगलंच आहे. फक्त वरण दाट हवं आणि वाटी एक नको, दोन हव्यात. खोलीवर राहणाऱ्या पोराची खरी अडचण डब्यातल्या पातळ वरणाची असते. हजारो रुपयांचा पावडरचा डबा घेण्याआधी त्याला रोज मूठभर भिजवलेले हरभरे, दोन अंडी किंवा पेलाभर दूध परवडतं का, हे प्रशिक्षकाने विचारावं.

आणि शेवटी, जो गेला होता तो परत येतो तेव्हाचं. पेरणीला गेला असेल, आजारी पडला असेल, भरतीत नाव आलं नाही म्हणून खोलीत बसला असेल. दाराशी घुटमळत असतो. ‘कुठी होता रे इतके दिवस? संपला का जोर?’ असं पहिलं वाक्य त्याच्या कानावर पडलं तर तो फी भरलेली असूनही दुसऱ्या दिवशी येत नाही. टोमण्याने कुणाचा स्नायू वाढलेला नाही. एकदा कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्याइतका काळ लागत नाही. हे त्याला सांगावं, कारण ते खरं आहे आणि त्या क्षणी त्याला त्याचीच गरज आहे. मग त्याची वही मागावी, शेवटचं लिहिलेलं पान काढावं. तिथे स्क्वाट ६० किलो असेल तर आज ४० लावावेत, दोन सेट, आठ-आठ. त्याला ते हलकं वाटेल. अजून टाका म्हणेल. नाही टाकायचे. तारीख लिहायची, पुढे ‘सोपं’ असं लिहायचं आणि म्हणायचं, ‘बास झालं बाप्पा आज. परवा येजो, पाच किलो वाढवू.’